बेचाळीस पायऱ्या

मित्रांनो, जिना दिसला की माझी पाचावर धारण बसते. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. वय साठीच्या पुढचं, दोन्ही अंगांना एकेक लोखंडी कडी, पोटात पाहुण्यांची अंथरुणं. एवढ्या धडधाकट पेटीला भ्यायला काय झालं, असं तुम्ही म्हणाल. कारण असं की, या घरातली लग्नं माझ्यावरून ठरतात.

मला घडवलं या घरातल्या आत्याच्या वडिलांनी. ते सुतार होते. त्यांच्या मुलाने, म्हणजे आत्याच्या भावाने, लग्नाचं काढलं तेव्हा ते म्हणाले, "आधी दोघं मिळून ही पेटी तिसऱ्या मजल्यावर न्या. मग बोलू." बेचाळीस पायऱ्या, दोन वळणं. म्हातारबुवा रंध्याचा भुसा झटकत सोबत चढले आणि दर पाच पायऱ्यांनी एकच विचारत राहिले, "कुणाला जड होतंय का?" त्या दोघांनी चारदा मला खाली ठेवलं, दोनदा भांडण केलं, आणि संसार मात्र नेटका केला.

पुढे म्हातारबुवा गेले. मुलगा आणि सून एका आजारपणात पाठोपाठ गेली. त्यांच्या दोन मुली आत्याने वाढवल्या, आणि पेटीची परीक्षाही तिच्याकडे आली. पण तो प्रश्न कुणाच्या लक्षात राहिला नाही. राहिलं ते एवढंच की पेटीला ओरखडा नको आणि तोंडातून कुरकुर नको.

थोरली शिक्षिका. तिचा होणारा नवरा घरांचे नकाशे काढायचा. त्या दोघांनी मला अशी वर नेली की शेजाऱ्यांना चाहूलसुद्धा लागली नाही. आत्याने माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "दृष्ट लागण्यासारखा जोडा आहे." माझंही कौतुक झालं, मला नवं पॉलिश मिळालं.

मला मात्र त्या कौतुकाचा आनंद झाला नाही. दुसऱ्या वळणावर थोरलीचा अंगठा कडी आणि कठडा यांच्यामध्ये चेंगरला होता. तिने ओठ दाताखाली दाबला. त्याच्या पाठीत कळ आली होती, तो हसत राहिला. हे फक्त मला ठाऊक होतं.

मग मी त्यांच्या संसारात गेले. चार वर्षांत त्या घरात कुणाचा आवाज चढला नाही. तिला काय खुपतं ते तिने सांगितलं नाही, त्याला काय खुपतं ते त्याने. शेवटी एका दुपारी दोघांनी अगदी सभ्यपणे माझ्यातली अंथरुणं वाटून घेतली. हमालांनी मला परत आणलं. आत्या म्हणाली, "नशीब." मी मनात म्हटलं, नशीब नव्हे, अंगठा. पण पेटीचं कोण ऐकतं?

त्यानंतर दोन वर्षं मी जिन्याखाली पडून होते. वाळवीची भीती वाटायची, पण त्याहून जास्त भीती वाटायची ती धाकटीच्या लग्नाची.

आणि तो दिवस आलाच. धाकटी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. तिने निवडलेला मुलगा बेकरीत भट्टी सांभाळतो, म्हणून घरात त्याला सगळे पाववाला म्हणतात. आत्याला तो फारसा पसंत नव्हता, कारण त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आणि आत्याच्या होकाराशिवाय धाकटी लग्न करणार नव्हती. जिने आईच्या मायेने वाढवलं, तिला दुखवायचं कसं?

आत्या वर जाऊन उभी राहिली. थोरली मागून येत होती. धाकटी वरच्या कडीला, पाववाला खालच्या.

"डावीकडे घे," तो म्हणाला. "म्हणजे तुझ्या डावीकडे. माझी उजवी."

"गप्प राहा ना," धाकटी कुजबुजली. "आत्या ऐकतेय."

तो गप्प झाला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर धाकटीचं मनगट कडी आणि कठडा यांच्यामध्ये सापडलं. तीच जागा. तिने ओठ दाताखाली दाबला. मी करकरले, पण जुनं लाकूड करकरतंच, त्याकडे कोण लक्ष देणार?

"लागलं का?" पाववाल्याने विचारलं.

"नाही."

"मग तोंड असं का झालंय?"

तिने पुढच्या पायरीसाठी पाऊल उचललं. मला वाटलं, संपलं सगळं.

"खाली ठेव," ती एकदम म्हणाली. "हात अडकलाय माझा."

त्याने घाईने मला टेकवलं. माझा कोपरा भिंतीवर आदळला, कपची उडाली, गिलावा पडला.

"आधी का नाही सांगितलंस?" तो चिडला.

"आत्या बघत होती!"

"आत्या बघतेय, पण वजन आपण दोघं उचलतोय ना?"

आत्या खाली आली. तिने माझा कोपरा चाचपला, मान हलवली. "ओरखडा सोड, कपची गेली. शिवाय भांडण. मी काय समजायचं?"

धाकटीचे डोळे भरले. तेवढ्यात थोरली पुढे झाली. तिने आत्यासमोर अंगठा धरला. त्याचं नख अजून वाकडं होतं.

"हे याच वळणावर झालं, आत्या," ती म्हणाली. "मी बोलले नाही. मी पास झाले होते."

आत्या त्या नखाकडे बघत राहिली. मग माझ्यावरच बसली. तिने थोरलीचा अंगठा मुठीत धरला, आणि इतक्या वर्षांनी वडिलांचा प्रश्न तिला आठवला.

"कुणाला जड होतंय का गं?"

"हो," दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.

"मग टेका जरा. उरलेल्या पायऱ्या कुठे पळून जातायत?" पाववाल्याकडे वळून ती म्हणाली, "आणि तू बोलत राहा."

मित्रांनो, माझ्या उडालेल्या कोपऱ्यात लांबी लिंपू नका, त्यावर पॉलिशही मारू नका. मला आता तो चांगला दिसतो. एवढंच सांगणं आहे, की तुमच्या घरात कुणी जड काही घेऊन गुपचूप जिना चढत असेल, तर आधी त्यांचे हात बघा. पेटी नंतर बघितली तरी चालेल.