ओरखडा पडू नये म्हणून

मी एक जुनी गवसणी आहे. मित्रांनो, सतारीची नाही, मृदंगाची नाही, की कुण्या गवयाच्या तंबोऱ्याचीही नाही. तसं नशीब असतं तर मी आज अशा कडवट तोंडाने बोलले नसते. मी एका वेपची, म्हणजे बॅटरीवरच्या सिगारेटची, गवसणी आहे. मुठीत मावणारा, समोर काच बसवलेला धातूचा चौकोनी ठोकळा, त्यातून गोड वासाचा धूर ओढायचा, आणि त्या ठोकळ्यावर ओरखडा पडू नये म्हणून मी. एवढंच माझ्या जन्माचं कारण. माणूस स्वतःच्या छातीत वाटेल ते ओढून घेतो आणि ठोकळ्याला मात्र कातडं पांघरवतो, हे मला पहिल्या दिवसापासून पटलं नाही.

माझा जन्म कोरियातल्या सोल शहरात, सॉंगसूच्या जोडे शिवणाऱ्यांच्या गल्लीत झाला. तिथे सुलगी नावाची एक मुलगी बापाच्या जुन्या ओट्यावर बसून काम करायची. तिने झाडाच्या सालीत कमावलेलं जाड कातडं निवडलं, रापीने कापलं, पाण्यात भिजवून लाकडी ठोकळ्यावर ताणून बसवलं. मग आरीने भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुया दोन बाजूंनी घालत मला शिवलं. पाठीवर, कातड्याच्या पट्टीखाली दिसणार नाही असं, पितळी टिचबटण ठोकलं. हात गुणी होता, हे मी नाकारत नाही.

समोरच्या दुकानातला म्हातारा मोची रोज तिच्या दारात येऊन टोमणा मारायचा.

"काय गं सुलगी, बाप नवरदेवांचे जोडे शिवायचा आणि तू धुराला चड्ड्या शिवतेस?"

"काका, जोडे शिवून घेतं कोण आता? तुमच्याच पायात काय आहे ते बघा."

म्हाताऱ्याच्या पायात रबरी सपाता होत्या. तो पुटपुटत निघून गेला. मला मात्र त्याचंच म्हणणं पटलं होतं. त्याच कातड्याचा जोडा झाले असते तर कुणाचा तरी पाय राखला असता, असं मला आजही वाटतं.

मला विकत घ्यायला आला यॉम ग्यू-सिक. विमा कंपनीत विभागप्रमुख, केस चापून बसवलेले, नखं कापलेली. त्याने मोबाइलचा उजेड पाडून माझा टाका न् टाका तपासला.

"हा टाका तिरका आहे."

"साहेब, हाताचे टाके तिरकेच पडतात. सरळ हवे असतील तर मशीनचं घ्या."

"आतून मऊ आहे ना? काचेवर ओरखडा पडता कामा नये."

"नाही पडणार. तुम्ही जपून वापरा म्हणजे झालं."

जपून! त्या माणसाला तेवढं एकच येत होतं. पण फक्त ठोकळ्याच्या बाबतीत.

सुरुवातीची वर्षं माझं कौतुक झालं, ते लपवून काय करू? ऑफिसातली मंडळी डुकराचं मांस भाजत शेगडीभोवती बसली, सोजू दारूचे पेले फिरले, की यॉम मला कागदी रुमालावर उभं करून ठेवायचा. हाताच्या घामाने आणि तेलाने माझा फिका रंग मधासारखा झाला होता. "रंग काय चढलाय!" असं कुणी म्हटलं की त्याची छाती फुगायची. कुणी शेजारी किल्ल्या ठेवल्या की तो त्या दोन बोटांनी उचलून लांब सरकवायचा. घरी तर बायकोला, मिरानला, मला हात लावायचा नाही अशी सक्त ताकीदच होती. एकदा जेवताना उकळत्या रश्शाचं मडकं कलंडलं आणि तिच्या मनगटावर सांडलं. यॉमचा हात झटकन पुढे आला, आणि त्याने आधी मला उचललं. तिने उठून नळाखाली हात धरला. मी त्या दिवसापासून त्याचा द्वेष करते. माझ्यासारख्या कातड्याच्या तुकड्याला दुसरं करता तरी काय येतं?

यॉम राहायचा नोवॉनच्या एका सोसायटीत, आठव्या मजल्यावर. शिवाय तो सोसायटीच्या समितीवर आपल्या इमारतीचा प्रतिनिधी होता, म्हणजे नियम करणार हा, आणि लोकांना सुनावणार हा. खाली वॉचमनच्या खोलीत मेंग चुन-दोक नावाचे गृहस्थ असायचे, सत्तरीला टेकलेले. पानं झाडायची, पार्सलं सांभाळायची, दुसऱ्याच्या मागे, हँडब्रेक न लावता, आडव्या सोडलेल्या गाड्या सकाळी ढकलून वाट मोकळी करायची, ही त्यांची कामं. त्यांचा करार तीन-तीन महिन्यांचा. प्रत्येक वेळी समितीने मान डोलावली तर पुढे, नाहीतर घरी. आणि या वयात दुसऱ्या कुठल्या फाटकावर कोण उभं करणार?

तिथे संडास आणि न्हाणीघर एकच; यॉम धूर ओढायचा तो तिथे संडासावर बसून. प्लॅस्टिकच्या सपाता घालायच्या, वरचा पंखा लावायचा आणि द्राक्षाच्या वासाचे ढग सोडायचे. पंख्याने सगळं आकाशात जातं, अशी त्याची समजूत. ते आकाशात जात नव्हतं. भिंतीतल्या ज्या नळीत त्याचा पंखा धूर ढकलायचा, त्याच नळीला वरच्या आणि खालच्या सगळ्या न्हाणीघरांची तोंडं होती. नवव्या मजल्यावर बोंग सुन-नाम नावाची बाई तान्ह्या नातीला न्हाऊ घालायची, नेमकी त्याच वेळी.

बोंगबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी लिफ्टच्या आरशावर कागद चिकटवला, 'न्हाणीघरात ओढणाऱ्या नालायका, माझी नात खोकतेय.' मग घराघरांतल्या छताच्या भोंग्यावरून सूचना झाली की रहिवाशांनी घरात धूम्रपान करू नये. ती सूचना यॉमनेच लिहून दिली होती. ती वाजत असताना तो संडासात बसून मला हातात धरून मान डोलवत होता. असा निर्लज्जपणा मी दुसरा पाहिलेला नाही.

एके दिवशी बोंगबाईंनी त्याला लिफ्टमध्येच गाठलं.

"प्रतिनिधीसाहेब, या धुराचं करताय काय तुम्ही? रोज द्राक्षं येतात माझ्या न्हाणीघरात!"

"बाई, धूर खालून वर जातो. सगळ्यात खाली संडास कुणाचा? वॉचमनचा."

"मेंगकाका ओढतात? ते तर त्यांना नात झाली तेव्हाच सिगारेट सोडली म्हणाले."

"म्हणायला काय जातं? हल्ली म्हातारेसुद्धा वेप ओढतात. महिनाअखेरीला करार आहेच. बघतो मी."

मी त्याच्या खिशात होते. माझ्या आतला ठोकळा अजून गरम होता.

बोंगबाई तशाच खाली गेल्या आणि फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, त्या माणसावर तुटून पडल्या. "लाज नाही वाटत? तान्ह्या पोरीचा जीव घेताय!" मेंगकाका खराटा धरून उभे राहिले. "बाई, मी नाही हो," एवढंच म्हणत राहिले. कुणी थांबलं नाही. लोक आपापल्या भाजीच्या पिशव्या घेऊन आत गेले.

मिरानने हे सगळं खिडकीतून पाहिलं, ऐकलं. यॉम घरी आल्यावर ती दारातच उभी राहिली.

"तुम्हीच ना ते?"

"हळू बोल. भिंतींना कान असतात, नाक नसतं."

"त्या म्हाताऱ्याला काढतील हो!"

"काढू देत. दुसरा येईल. फाटकाला माणसांचा काय तोटा?"

"आजच्या आज ते फेकून या. नाहीतर मी नवव्या मजल्यावर जाऊन सांगते."

तो बाहेर पडला. मला वाटलं, सुटले. पण फेकायला हात उठेल तर तो यॉम कसला! जिन्याजवळ भिंतीत आगीच्या पाइपची लोखंडी पेटी होती. त्याने ती उघडली, पाइपच्या वेटोळ्यावर आधी रुमाल पसरला, त्यावर मला अलगद ठेवलं आणि दार लावलं. लोखंडाला घासू नये म्हणून रुमाल! घरी जाऊन बायकोला सांगितलं असणार, फेकलं म्हणून.

पण पानगळ सुरू झाली की आगीच्या पेट्या तपासतात, आणि तपासणार वॉचमनच. मेंगकाका वरून एकेक मजला उतरत आले. कुणाच्या पेटीत कांद्याची जाळी, कुणाच्या पेटीत जुने बूट. आठव्या मजल्याचं दार उघडलं आणि त्यांची बोटं माझ्यावर आली. त्यांनी मला नाकाजवळ नेलं. मग त्यांची मूठ माझ्याभोवती इतकी घट्ट आवळली की माझे टाके करकरले.

त्याच संध्याकाळी कार्यालयात समिती बसली होती. टेबलावर कापलेली नाशपाती, बार्लीचा चहा, आणि विषय एकच, वॉचमनचा करार. तक्रारदार म्हणून बोंगबाई होत्या, मधल्या खुर्चीत यॉम. मेंगकाका दार वाजवून आत आले, नेहमीसारखे वाकले आणि मला टेबलावर ठेवलं.

"आठव्या मजल्याच्या पाइपच्या पेटीत सापडलं. आगीच्या पेटीत बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे. कुणाचं आहे?"

यॉमने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डोक्यात काय शिजलं ते मात्र मला कळलं, इतकी वर्षं त्या हातात काढली होती मी.

"बघा मंडळी!" तो म्हणाला. "पेट्या उघडतो कोण? वॉचमन. रहिवासी कशाला हात लावेल तिथे? यानेच लपवलं, आणि आता पकडलं जाईल म्हणून साळसूदपणे घेऊन आलाय."

"साहेब, माझं असतं तर मी इथे आणून कशाला दिलं असतं?"

"चूप बस! तू चोर तो चोर, वर तोंड करून बोलतोस?"

खोलीत सगळ्यांच्या माना वर झाल्या. पाच माणसांच्या देखत, बापाच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे. मेंगकाकांचे कान लाल झाले.

"मला काढायचं तर काढा," ते म्हणाले. "पण अरे-तुरे ऐकायला मी नाही आलो."

"काढणारच आहे. हे माझं नाही, माझ्या मजल्यावर कुणाचंही नाही. लिहून घ्या."

बोंगबाईंनी मला ओढून घेतलं आणि हुंगलं. त्यांचा चेहरा पालटला. "हाच! हाच तो मेला वास! आत काहीतरी नंबर-बिंबर असेल, दुकानात विचारलं की घेणारा कळेल." त्यांनी मला बाजूंनी दाबलं, वरून ओढलं, पण मी घट्ट बसलेली. वैतागून त्यांनी नाशपातीचा चाकू उचलला आणि टोक माझ्या कडेत घातलं.

"अहो बाई, चाकू नको!" यॉम खुर्चीतून अर्धा उठला. "काचेवर ओरखडा पडेल! टिचबटण मागे आहे, मागे!"

चहा ओतणाऱ्याचा हात तसाच राहिला. बोंगबाईंनी मला सावकाश पालथं केलं. बटण मागेच होतं, पट्टीखाली. त्यांनी ते टक् करून उघडलं.

"प्रतिनिधीसाहेब," त्या म्हणाल्या, "बटण मागे आहे हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं."

"मी... तशीच असतात ती. साधारणपणे."

"माझ्या नातीला तुम्ही धूर पाजलात. आणि मी या माणसाला फाटकावर उभं करून शिव्या घातल्या, तुमच्या सांगण्यावरून!" मग त्या मेंगकाकांकडे वळल्या. तोंडाने माफी मागायची सवय नसावी. शेवटी त्या उठल्या आणि नीट कंबरेत वाकल्या. त्यानंतर त्यांनी तोच चाकू घेऊन ठोकळ्याच्या काचेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढला. यॉमने डोळे मिटून घेतले.

करार तिथेच पुढे चालू झाला. एकाही हाताने नकार दिला नाही, यॉमच्यासुद्धा. सभा उठताना त्याने हळूच हात माझ्याकडे सरकवला. मेंगकाकांनी मला, ठोकळ्यासकट, आधी उचललं.

"साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की हे त्यांचं नाही. म्हणजे बेवारस. माझ्या खोलीत सापडलेल्या वस्तूंचा खण आहे, तिथे ठेवतो. ज्याचं असेल त्याने यावं, आणि 'अहो मेंग' अशी नीट हाक मारून मागावं. लगेच देईन."

तेव्हापासून मी या खणात आहे. सोबतीला एक लहान मुलाचा हातमोजा आणि दांडा मोडलेला चष्मा. तेल नाही, पुसणं नाही, त्यामुळे कडा वाळून कडक झाल्या आहेत, चाकूने कापलेल्या जागी दोरे सुटले आहेत. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. मला कुणी जपू नका. ठोकळ्यालाही जपू नका, काचा पुन्हा मिळतात. तुमच्या धुरात कोण श्वास घेतंय ते बघा, गरम रस्सा कुणाच्या हातावर सांडला ते बघा, आणि फाटकावरच्या माणसाशी नीट बोला. एवढं केलंत तर माझं कातडं सार्थकी लागलं म्हणेन.

यॉमला मी हवी आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात तो दोनदा खोलीच्या दाराशी येऊन थांबला होता. मेंगकाका खुर्चीत बसून होते, त्यांनी मान वर करून वाट पाहिली. यॉमने तोंड उघडलं, पण 'अहो' हा एक शब्द काही बाहेर पडला नाही. हल्ली तो मागच्या फाटकाने जातो.