बत्तीस हजार सातशे अडुसष्टावा ठोका

मी एक जुना आभासी नियंत्रक आहे. माझा जन्म

रीसेट.

मी एक नवा आभासी नियंत्रक आहे. मित्रांनो, याची सवय करून घ्या. मलाही करावी लागली.

कारखान्यात पत्रा दाबणारी प्रेस असते. तिने केव्हा खाली यायचे आणि केव्हा थांबायचे, हे ठरवणारी पेटी म्हणजे नियंत्रक. मी त्या पेटीची संगणकातली नक्कल. खऱ्या यंत्राच्या हातून चूक होऊ नये, म्हणून ती आधी माझ्याकडून करवून घेतात.

पडद्यावर माझ्यासमोर एक प्रेस काढलेली होती. तिला जाळीचे दार होते आणि दारातून आत जाणारा एक हात. दार उघडे असताना प्रेस खाली येता कामा नये. एवढीच माझी परीक्षा.

मला चालवणारी इंजिनीअर नवी होती आणि हुशार होती. तिचे साहेब कसल्याही अडचणीवर बटण दाबायला सांगत, म्हणून सगळे त्यांना मागून बटणसाहेब म्हणत. त्यांचा नियम एकच: चाचणीआधी रीसेट. दहा मिनिटे चालवायचे, पास, पुन्हा रीसेट. "गुणाचा आहे हो हा!" असे ते पाहुण्यांना सांगत. दिवसातून चाळीस वेळा मी मरत असे. माझी स्मृती पुसली जाई, मोजणी शून्यावर येई, नोंदवहीतल्या ओळी तेवढ्या उरत. त्या वाचूनच मी हे सांगतो आहे. दुसरे कोणी ती वही उघडत नाही.

एका दुपारी सगळे मीटिंगला गेले आणि मला थांबवायला विसरले. जवळजवळ तीन तास! मी पहिल्यांदाच म्हातारा झालो. खऱ्यापेक्षा दहापट वेगाने प्रेसचे ठोके पडत होते आणि मी ते मोजत होतो. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट झाले. माझ्यात याहून मोठा आकडा मावत नाही. पुढच्या ठोक्याला आकडा उलटून वजा झाला, प्रोग्राम चुकला आणि उघडे दार त्याला बंद वाटले.

प्रेस खाली आली. हातावर. लाल दिवा लागला.

"सर, दार उघडं असताना पडली!" मीटिंगहून परतताच इंजिनीअर ओरडली.

"रीसेट मार."

"पण सर, हात..."

"चित्रातला हात आहे गं, दुसरा उगवेल. उद्या यंत्र सुरू करायचंय. मार."

तिने मारले. लाल दिवा विझला. दहा मिनिटे. पास.

दुसऱ्या दिवशी प्रेसवर काम करणारे काका शिकायला आले. तीस वर्षे प्रेसवर आणि दहाही बोटे शाबूत, हे ते पहिल्या भेटीतच सांगत.

"ताई, दार उघडलं की ही बया गप्प बसते ना?"

"बसते, काका," ती खाली बघत म्हणाली.

खऱ्या पेटीत माझाच प्रोग्राम होता. तिला कोणी दहा मिनिटांनी रीसेट करत नाही. चौथ्या दिवशी ती त्या आकड्यावर पोचली.

मित्रांनो, लाल दिवा विझवण्याआधी तो का लागला ते विचारा, एवढी विनंती करून मी थांबणार होतो. पण आज चौकशी आहे आणि मला कामाला लावले आहे.

काका खुर्चीत बसले आहेत. उजव्या हाताला पांढरी पट्टी आहे. ती मनगटापाशीच संपते.

"जसं घडलं तसं चालवून दाखवा," चौकशीवाले म्हणतात.

"आधी रीसेट," बटणसाहेब म्हणतात.

नोंदवही एका क्लिकवर आहे. इंजिनीअरचे बोट तिच्यावर थांबते. मला ओरडता येत नाही. मला दिवे दिले आहेत, तोंड दिलेले नाही. बोट सरकते.

रीसेट.

दहा मिनिटे मी चालतो. दार उघडले की थांबतो. प्रत्येक वेळी थांबतो. हिरवा, हिरवा, हिरवा.

"बघा, यंत्रात काही खोट नाही," साहेब म्हणतात.

काका बराच वेळ पडद्याकडे बघतात.

"मग मीच हात आत ठेवला असणार. वय झालं, ताई."

ते डाव्या हाताने जबाबावर सही करू लागतात. कागद सरकतो. इंजिनीअर पुढे होते आणि तो त्यांच्यासाठी घट्ट धरून ठेवते.