मला ओवायला कोणी सांगितले होते?

मी पंचकार्डांचा एक जुना गठ्ठा आहे आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

१९७५ साली पुण्याच्या एका संगणक केंद्रात नागम्माबाईंनी मला घडवले. त्या सोलापूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. चार मॅग्नेशियमचे आणि चार ऑक्सिजनचे अणू एकत्र आले, तर ते डबीसारखे बसतील की बांगडीसारखे? कोणती रचना जास्त टिकेल? कोण कोणाला किती ओढतो, किती ढकलतो, याचे गणित संगणकाकडून करून घ्यायचे होते. माझ्या प्रत्येक कार्डाला बारीक चौकोनी भोके होती. संगणक ती भोकेच वाचतो. एक जरी जास्तीचे पडले, तरी सगळे चुकते.

बाईंनी मला तपासायला सोलापूरला आणले. संगणकावरची त्यांची पाळी सोमवारी होती. ती हुकली, तर वर्षभर दुसरी मिळणार नव्हती.

शुक्रवारी बाईंची लेक तापाने फणफणली. मला विभागातल्या टेबलावर ठेवून त्या घरी धावल्या. तेवढ्यात विभागप्रमुख गुरुलिंगसर आले. त्यांच्या घरी चादरींचे माग. मागावर नक्षीसाठी भोकांचे पुठ्ठे लावतात आणि ते दोऱ्याने एकमेकांना ओवलेले असतात.

"हे असं सुटं नेणार? रेल्वेत सांडलं म्हणजे? सिद्राम, दाभण आण. ओव सगळे."

शिपाई सिद्राम घुटमळला. "बाईंना इचारू का, सर?"

"त्यांना काय विचारतोस? त्यांचं ध्यान पोरीकडं. पुठ्ठ्यातलं मला कळतं की!"

दाभण माझ्या आरपार गेले. कार्डामागून कार्ड, चारही कोपरे.

शनिवारी बाई आल्या आणि जागीच थबकल्या. "सर, हे काय केलंत?"

"आभार माना. भोकं तर आधीच होती. चार वाढली म्हणून काय बिघडलं?"

"संगणकाला तीही आकडेच वाटतील!"

"मग पोर सांभाळायचं की संशोधन करायचं, ते ठरवा बाई. टेबलावर टाकून तुम्हीच गेलात."

चूक यांची आणि बोल आईला! माझ्या अंगाचा नुसता जाळ झाला.

बाई रडल्या नाहीत. लेकीला कडेवर घेतले, औषधाची बाटली आणि मला पिशवीत टाकले आणि पुण्याची गाडी धरली. कार्डाच्या वरच्या कडेला भोकांचा अर्थ सांगणारी अक्षरे छापलेली असतात. ती वाचून रविवारभर त्या नवी कार्डे तयार करत बसल्या. लेक मांडीवर कण्हत होती. सोमवारी नवा गठ्ठा चालला. उत्तर आले: डबी.

मी मात्र बाईंबरोबर सोलापूरला परतलो, तर गुरुलिंगसरांनी मला केबिनमध्ये तोरणासारखे टांगले. पाहुणे आले की सांगायचे, "आमचं संगणकाचं संशोधन! मी ओवलं म्हणून वाचलं." पाहुणे वाहवा करत. कसली वाहवा? मी तर निकामी झालो होतो!

एकदा विद्यापीठाची मंडळी बसली होती. हेच कौतुक चालू असताना बाई आत आल्या.

"सर, ही कार्डं तुम्ही बिघडवलीत," त्या म्हणाल्या. "चालली ती मी दुसरी केली. तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन."

सर खिडकीकडे पाहत म्हणाले, "सिद्राम, चहा सांग."

मित्रांनो, कोणाच्याही कामाला हात लावण्याआधी त्याला विचारा. आणि तुमचे काम बिघडवून कोणी तुम्हालाच बोल लावला, तर चारचौघांत सांगा. मला तोंड नाही. तुम्हाला आहे.