राहण्याचा दाखला

बालाघाटच्या एका सरकारी कचेरीत मोतीलालबाबू अकरा वर्षं नोकरीला होते. त्यांच्या टेबलावरून चुकीचा कागद कधी पुढे गेला नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. अभिमान खोटाही नव्हता, कारण कुणाच्या हातचं पानसुद्धा त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. मात्र अर्जातला एखादा रकाना कोरा दिसला की ते लाल पेन्सिलीनं त्यावर गोल करत आणि अर्ज परत देत. असे बाबू आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत.

सदुसष्ट साली पावसाळा सरल्यावर भोपाळहून आदेश आला. राज्याच्या बजेटात बेघरांच्या घरांसाठी तरतूद झाली होती, आणि शहराच्या वाट्याला वीस घरं आली होती. एक खोली, पुढे ओटा, वर कवेलूंचं म्हणजे कौलांचं छप्पर. अर्ज तपासायचं काम मोतीलालबाबूंवर आलं.

पहिल्याच आठवड्यात महागू आणि त्याची बायको मैनाबाई आली. महागूनं मँगनीजच्या खाणीत उमर घालवली होती. छाती खराब झाली, काम सुटलं, आणि कामाबरोबर खाणीची खोलीही गेली. तेव्हापासून नवरा-बायको बैलबाजाराच्या पडवीत राहत. पडवीला छप्पर होतं, भिंत एकच. मैनाबाई दिवसभर विड्या वळायची, महागू शेजारी खोकत बसायचा.

"राह्याचा दाखला कुठं हाये?" मोतीलालबाबूंनी विचारलं.

"तो काय असते बाबूजी?"

"कुठं राहता त्याचा कागद. घरमालकाचा, नाही तं नगरपालिकेचा."

"घरच नाही, तं घरमालक कुठून आणू?" महागू हसला, आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली.

मोतीलालबाबूंनी रकान्यावर लाल गोल केला. नगरपालिकेत मैनाबाईला सांगितलं, पडवीला घराचा नंबर नाही, दाखला कसा द्यायचा? ती परत कचेरीत आली. पुन्हा गोल. तिसऱ्या खेपेलाही तेच झालं.

पौषात थंडी वाढली, तेव्हा चैतराम गुरुजी स्वतः कचेरीत आले. ते प्राथमिक शाळेत शिकवत आणि गोरगरिबांचे अर्ज लिहून देत. महागूचा अर्जही त्यांनीच लिहिला होता.

"बाबू, ज्याच्यापाशी दाखला हाये त्याच्यापाशी घर हाये," गुरुजी म्हणाले. "ज्याच्यापाशी दाखला नाही, त्याच्याचसाठी सरकारनं हा पैसा ठेवला. आदेशात लिवलं हाये, कागद नसंल तं जागेवर जाऊन पाहणी करा. तुमी काहून जात नाही?"

"अन् उद्या एखादा खोटा निघाला तं? नोकरी माझी जाईल, गुरुजी."

"निघंल एखादा. त्याच्या भेवानं खऱ्यायले थंडीत मराले सोडता काय? हा पैसा भोपाळवाल्याच्या खिशातला नाही. मैनाबाई रॉकेल घेते, त्याच्यावर कर भरते. तिचाच पैसा तिच्यापर्यंत आला, अन् तुमच्या टेबलावर येऊन थांबला!"

मोतीलालबाबूंना राग आला. "मी नियमानं चालतो," एवढंच ते बोलले आणि दुसरी फाईल उघडली.

मार्च संपत आला. वीस घरांसाठी सातच अर्ज पूर्ण ठरले. ते सातही जण भाड्याच्या घरात राहणारे होते, म्हणून तर त्यांच्याकडे दाखले होते! उरलेल्या तेरा घरांचा पैसा आर्थिक वर्षाच्या अखेरीस भोपाळला परत गेला. सोबतच्या पत्रात मोतीलालबाबूंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पात्र अर्जदार मिळाले नाहीत.' साहेबांनी त्यांच्या चोख कामाची तारीफ केली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मैनाबाई एकटीच आली. तिनं पदराची गाठ सोडून घडी केलेला कागद टेबलावर ठेवला.

"बाबूजी, तुमी मांगत होते तो कागद भेटला."

मोतीलालबाबूंनी चष्मा लावला. तो महागूच्या मृत्यूचा दाखला होता. माघाच्या थंडीत त्याच्या छातीच्या दुखण्यानं जोर केला, आणि होळी झाल्यावर तो गेला. खाली राहण्याचं ठिकाण लिहिलं होतं, बैलबाजाराची पडवी, बालाघाट. त्यावर नगरपालिकेचा गोल शिक्का होता.

"जित्तेपणी नाही देल्ला त्यायनं. मेल्यावर देल्ला," मैनाबाई म्हणाली. "आता चालंल काय?"

कागदात एकही रकाना कोरा नव्हता. मोतीलालबाबूंनी लाल पेन्सिल खाली ठेवली. ते म्हणाले, "बाई, पैसा वापस गेला."

तिनं हात पुढे केला. मग म्हणाली, "हौ काय? मंग कागद देऊन द्या माझा. त्याचं नाव हाये त्याच्यावर."

अरेरे! ज्या माणसानं आयुष्यात कुणाचा पैसा खाल्ला नाही, त्याच्याच हातून हे घडलं होतं! मोतीलालबाबू तसेच भर उन्हात कचेरीतून उठले आणि बैलबाजारात गेले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच तिथे आले होते. पडवीत नऊ कुटुंबं होती. एका कोपऱ्यात जिजाबाई नावाची बाई आपल्या आजारी नवऱ्याला पेज पाजत होती. मोतीलालबाबू खाली बसले आणि एकेकाचं नाव लिहून घेऊ लागले.

संध्याकाळी त्यांनी साहेबांच्या नावे पत्र लिहिलं, 'अर्जदार होते. मी त्यांच्यापर्यंत गेलो नाही.' त्या पत्रानं त्यांची बढती थांबली. पुढच्या बजेटात शहराला एकही घर मिळालं नाही, कारण भोपाळच्या कागदावर इथे गरजच उरली नव्हती. ते पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, तेव्हा कुठे त्याच्या पुढच्या वर्षी आठ घरं मंजूर झाली. यादीत पहिलं नाव मैनाबाईचं होतं.

पण ती म्हणाली, "जिजाबाईचं नाव नवव्वं हाये ना? तिले द्या. तिच्या नवऱ्याले बी छातीचंच दुखणं हाये. लवकर भिंती भेटल्या तं वाचंल तो."

"मैनाबाई, हे तुमच्या हक्काचं हाये!" मोतीलालबाबू काकुळतीनं म्हणाले.

"हक्काचं हाये, म्हणूनच तं देऊन राह्यली. मले एकटीले आता कायची घाई?"

जिजाबाईचं बिऱ्हाड हललं. मैनाबाई मात्र पुढची घरं मंजूर होईपर्यंत आणखी एक हिवाळा पडवीतच राहिली.

पुढे कचेरीत नवा बाबू आला की मोतीलालबाबू त्याला आधी बैलबाजारात नेत आणि मगच फाईल हातात देत. वाचकहो, बजेटात गरिबाच्या नावे तरतूद झाली की काम झालं, असं आपण समजतो. तसं नसतं. तो पैसा गरिबाच्या दारापर्यंत नेणं हे नोकरी करणाऱ्याचं काम आहे, आणि तो पोचला का हे विचारणं आपल्या सगळ्यांचं. ज्याला दारच नाही, त्याला तर शोधत जावं लागतं. आणि तेही तो जिवंत आहे तोवर.