घरट्यांचे दगड

पहाटेची होडी चुकल्याने आज दुपारच्या होडीतून आलेल्या मंजियाबाईंना उतरल्या उतरल्या काहीतरी खटकलं. सीदी जाबर बेटावर धक्क्यापासून जुन्या दीपगृहापर्यंत जाणारी छोटी पायवाट दोन्ही बाजूंनी पांढऱ्याशुभ्र दगडांनी सजली होती. चुना अजून ओला होता. कुणी बडे साहेब येणार म्हटलं की ट्युनिशियात झाडांचे बुंधे, कठडे, जागचं न हलणारं सगळं चुन्याने रंगवून काढतात. त्याचं बाईंना नवल नव्हतं. पण तिसऱ्या दगडाशी त्या थबकल्या. त्यावर शिंपल्याचा ठसा होता. हा दगड त्यांनी स्वतः जूनमध्ये, कमरेला हात लावत लावत, वाळूत नेऊन ठेवला होता.

"नौफल!" त्या कडाडल्या.

बेटाचा रखवालदार नौफल, एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी, टोपी सावरत धावत आला.

"हे दगड कुठून आणलेस?"

"किनाऱ्यावरून, बाई. कुणीतरी गोल गोल मांडून ठेवले होते. आयतेच मिळाले."

"आयतेच? अरे गाढवा, कासवांची आठ घरटी होती ती! प्रत्येक गोलात शंभर अंडी पुरलेली! याच आठवड्यात पिल्लं निघायची होती!"

नौफलचं तोंड एवढंसं झालं. "वरून फोन आला, साहेब येतायत, वाट उठून दिसली पाहिजे. बेटावर दुसरे दगड आहेत कुठे?"

"मग? आले तुझे साहेब?"

"नाही. उन्हाचा त्रास होतो म्हणे."

बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. दोन महिने रोज पहाटे, नौफल उठायच्या आत येऊन त्यांनी घरटी राखली होती, आणि या शहाण्यांनी राखीव बेटाच्या शोभेसाठी त्यांच्याच खुणा उचलून नेल्या. किनाऱ्यावर सहलीला आलेल्यांची झुंबड होती. बाईंना एकाच घरट्याची जागा पक्की पाठ होती, कारण ते या वर्षीचं पहिलं होतं. दीपगृहाच्या पायरीपासून समुद्राकडे एकोणीस पावलं. त्या मोजत निघाल्या.

तिथे एक गृहस्थ छत्रीचा लोखंडी दांडा नेमका वाळूत खुपसायच्या बेतात होता.

"थांबा! खाली अंडी आहेत!"

"काय आजी, वाळू विकत घेतलीत की काय? पोरं उन्हात भाजतायत."

बाईंनी घरट्याच्या कडेला बसकण मारली. "रोवा. माझ्या डोक्यात रोवा तो दांडा."

गृहस्थ पुटपुटत दुसरीकडे गेला. तेवढ्यात नौफल वही घेऊन आला. त्याची नजर वर होत नव्हती.

"बाई, उठा ना. वाटेबाहेर बसायला मनाई आहे. तक्रार आलीय, तुमचं नाव लिहावं लागेल."

"आणि हे छत्र्या रोवणारे?"

"ते आमच्या मुकादमांचे पाहुणे."

"लिही! ठळक लिही! शुद्धलेखन तरी मीच शिकवलंय तुला."

नौफलने खाली मान घालून नाव लिहिलं.

"झालं? आता चल, दगड तूच उचललेस ना? उरलेली सात घरटी कुठे होती ते दाखव. मी प्रत्येकाशेजारी बसते."

नौफलने या टोकापासून त्या टोकापर्यंत किनारा पाहिला. जिकडे तिकडे छत्र्या होत्या. त्याला एकही जागा दाखवता आली नाही.