प्रतिनिधीने कृती करून दाखवावी

"रुग्णाला आणलंय का?" खिडकीमागच्या मॅडमनी विचारलं.

"नाही. वारली ती," लिफ्टवाला म्हणाला.

मॅडमनी फॉर्म उलटून पाहिला. मरणाची सोय मागच्या पानावर होती.

"मग प्रतिनिधी चालेल. ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं पुन्हा शिकवण्याचा, खर्च वैद्यकीय खर्चात धरायचा, तर रुग्णानं शिकलेली एक कृती समक्ष करून दाखवायची. रुग्ण नसेल तर प्रतिनिधीनं. नियम अठरा."

"दाजी, उठा," शेजारी बसलेला मेहुणा कुजबुजला. "पैसे मी देतो. हसं नको."

"पैशाचं नाही रे."

खरंच नव्हतं. बायको गेली त्या दिवशी भरल्या घरात मेहुणा म्हणाला होता, "शेवटचे चार महिने छळलंत माझ्या ताईला. धड हात बांधून ठेवायचात आणि लुळ्या हातानं कामं करून घ्यायचात." हात बांधला होता, हे खोटं नव्हतं. पक्षाघाताच्या झटक्यानं उजवा हात गेला, तेव्हा थेरपिस्टनंच सांगितलं होतं: डाव्याला हातमोजा घाला, नाहीतर तो सगळं उरकून टाकतो आणि उजवा शिकत नाही. पण 'उपचार' असा शिक्का या एकाच कचेरीत मिळत होता, म्हणून लिफ्टवाला तिसऱ्यांदा आला होता. एकतीस वर्षं त्यानं दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं बाहेर काढली होती. अडकलेल्याशी वाद घालायचा नसतो, हे त्याला ठाऊक होतं. तो मॅडमशी वाद घालत नव्हता.

"कुठली कृती?" मॅडमनी पेन उघडलं.

"शर्टाची बटणं."

त्यानं पिशवीतून तिचा जाड मोजा काढून डाव्या हातात चढवला. मग उजव्या हातानं स्वतःच्याच शर्टाची पाचही बटणं काढली. आतला बनियन विटका होता. मॅडमनी शिष्टाचार म्हणून कॅलेंडरकडे पाहिलं.

पहिलं बटण त्याचं त्यानंच लावलं. दुसऱ्याला उजवा खांदा कानापर्यंत चढला. बोटं जाड झाली, भोक सोडून कापडावरच घसरायला लागली. खालचा ओठ एका बाजूला आत ओढला गेला. कपाळावर घाम आला.

तिसरं सुटलं. पुन्हा सुटलं.

"आग लागो तुझ्या लिफ्टला," तो पुटपुटला. आवाज बारीक आणि चिडका होता, आणि त्याचा नव्हता. "हसतोस काय मेल्या? तूच लाव!"

कुणी हसत नव्हतं. मेहुणा अर्धवट उठला होता.

"ताई," तो म्हणाला.

"सावकाश, बाई. घाई नाही," मॅडम म्हणाल्या. चूक कुणीच दुरुस्त केली नाही.

तिसरं लागलं. मग फार वेळानं चौथं. हात जरा वेळ तिथंच विसावला, बटणावरून बोट फिरवत राहिला, अगदी खूश असल्यासारखा. मग खाली मांडीवर पडला.

"पाचवं?" मॅडमनी हळूच विचारलं.

"इथवरच," लिफ्टवाला स्वतःच्या आवाजात म्हणाला.

"अहो, मग मला 'अपूर्ण' लिहावं लागेल. अपूर्ण दावे वर जातात. वरचे साहेब ते बहुतेक नाकारतात." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "लावून टाका ना एक. कोण बघतंय?"

"तिला एवढंच येत होतं, मॅडम."

मॅडमनी पेन हवेतच धरलं. मग मेहुणा खिडकीशी गेला आणि काचेच्या भोकात तोंड घालून म्हणाला, "लिहा, मॅडम. उपचार अपूर्ण."

"तुम्ही कोण?"

"रुग्णाचा भाऊ. 'उपचार' हा शब्द नीट दिसेल असा लिहा."

त्यांनी लिहिलं. शिक्का वरच्या साहेबांकडे होता आणि साहेब रजेवर होते.

दोघं जिन्यानं उतरले. पहिल्या मजल्यावर मेहुण्यानं विचारलं, "दाजी, पाचवं लागलं असतं का तिला?"

"गुरुवारी."

बायको बुधवारी गेली होती.

बाहेर वारा सुटला होता. शर्टाचं खालचं टोक उडत होतं. लिफ्टवाल्यानं ते उडू दिलं.