न धुतलेली फणी

मी फणी. केळ्यांची नाही हो, केसांची! आणि कंगवा म्हणालात तर पुढे एक अक्षर बोलणार नाही, सांगून ठेवते. कंगवा नुसता भांग पाडतो. खरं काम माझ्याकडे असतं. शिसवी अंग, दोन्ही बाजूंना बारीक दात, आणि ऊ असो की लीख, कुणाला सुट्टी नाही.

सावद्याच्या बाजारातून मंदाबाईंनी मला आणलं, त्याला आता वीस वर्षं होतील. आधी त्यांच्या मुलींची डोकी मी विंचरली, आता नात भूमिकाचं विंचरते. मंदाबाईंची शिस्त कडक. काम झालं की जुन्या टूथब्रशने माझा दात न् दात घासायचा, गरम पाण्यात बुचकळायचं आणि उन्हात ठेवायचं. शेजारची कमलबाई एकदा मला मागायला आली, तर "फणी कोणी उसनी मांगते का व?" म्हणून तिला हात हलवत परत पाठवलं. मलाही या टापटिपीचा भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात घरामागच्या मळ्यात केळीची कापणी चालली होती. पडवीतल्या टोपल्यात चिंगी मांजरीची तीन पिल्लं. त्यातलं लाडू म्हणजे नुसता उपद्व्याप. महिनाभराचं पोर, पण गेलं तुरुतुरु आणि कापलेल्या दांड्यांच्या ढिगात मनसोक्त लोळलं. केळीचा चीक तुम्हाला ठाऊक असेल तर पुढचं सांगायला नको. केसांच्या नुसत्या गाठी, मागचा एक पाय पोटाला चिकटलेला!

"चिंधीले रॉकेल लाव अन् पुसून टाक," सुपडू नाना म्हणाले.

"काही भलतंच! ते अंग चाटते ना? पोटात जाईन त्याच्या," मंदाबाई नवऱ्यावर कडाडल्या.

मजूर कापणीआधी हाताला तेल लावतात, तेच शेंगदाण्याचं तेल त्यांनी लाडूच्या अंगाला हळूहळू चोळलं. आणि मग कोनाड्यातून काढलं कुणाला? मला! मांजराच्या केसांत मी? माझा असा संताप झाला! पण पिल्लू थरथरत होतं, आणि मंदाबाई एका हाताने त्याची कातडी धरून दुसऱ्या हाताने एकेक गाठ इतक्या हळुवार सोडवत होत्या, की माझा राग कुठल्या कुठे गेला. अर्ध्या तासात पाय मोकळा झाला.

इथंच थांबलं असतं तर बरं होतं. मंदाबाई मजुरांचा चहा टाकायला आत गेल्या आणि भूमिकाला वाटलं, लाडू अजून तेलकट दिसतंय. गुलाबाच्या वासाची शाम्पूची पुडी फोडली, पिल्लू धुतलं, पुसलं आणि वर पावडर थापली. मग मोठ्या कौतुकाने टोपल्यात नेऊन ठेवलं.

चिंगीने एकदा हुंगलं आणि अशी फिस्कारली म्हणता! एक पंजा मारून तिने लाडूला बाहेर लोटलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा लोटलं. पिल्लू कोपऱ्यात बसून ओरडत राहिलं. मंदाबाई कापसाच्या बोळ्याने दूध पाजायला गेल्या तर त्याने तोंड फिरवलं. दुपारपर्यंत त्याचा आवाजही बसला.

"मायनं नाही घेतलं तर हे जगत नाही," नाना हळूच म्हणाले.

भूमिकाला हुंदका आवरेना. "आजी, मी तर त्याले चांगलं करायले गेली होती..."

"रडू नको. शेळी करडाले घेत नाही, तव्हा काय करतो आपण? तिच्या दुसऱ्या करडाच्या अंगाशी त्याचं अंग घासतो. आण ती फणी."

आधी ओल्या फडक्याने लाडूची पावडर पुसली आणि त्याला उन्हात कोरडं केलं. मग मंदाबाईंनी मला चिंगीच्या गालांवरून, मानेवरून, पोटावरून फिरवलं. मग दोन्ही भावंडांवरून. माझ्या दातांत केसांचे पुंजके अडकले. सवयीने भूमिका मला घेऊन नळाकडे धावली.

"धुऊ नको!" मंदाबाई ओरडल्या.

वीस वर्षांत हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. तशीच घाण, केसाळ मी लाडूच्या अंगावरून फिरले, डोक्यापासून शेपटीपर्यंत. एकदा, दोनदा, दहादा. आईचा वास त्याच्या अंगात मुरायलाच हवा होता. देवा, माझे दात कमी पडू देऊ नकोस, एवढंच मी म्हणत होते.

मंदाबाईंनी पिल्लाला टोपल्यात ठेवलं आणि त्याच्या शेजारी मलाही. चिंगीने मान उचलली. लाडूला हुंगलं. परत हुंगलं. आणि मग तिची खरखरीत जीभ त्याच्या कपाळावर फिरली. पुढच्या क्षणी लाडू पोटाला लागून चुटुचुटु दूध पीत होतं. भूमिका रडता रडताच हसायला लागली.

मंदाबाई मला उचलायला वाकल्या, तोच चिंगीने मला पंजाखाली ओढलं आणि चाटायला सुरुवात केली. एकेक दात, अगदी सावकाश. तिच्या पिल्लांचा वास माझ्या अंगाला होता ना! तिने मोजलीच असतील, तर तिला चार पिल्लं भरली असतील.

आजवर मला पुष्कळांनी घासलं, पण पोर समजून कुणी चाटलं नव्हतं. मंदाबाई, भूमिकासाठी नवी फणी आणा. मी आता इथेच राहते, माझ्या आईजवळ.